चित्रातला रिकाम्या हातांचा माणूस

वाचकांचे प्रश्न : चित्रे आणि चित्रकार

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माडीवर आजोबांच्या काळापासून एक तैलचित्र टांगलेले आहे. रुंदी सुमारे साडेतीन फूट, उंची अडीच फूट. समुद्रकिनाऱ्यावर पंधरा-सोळा कोळी दोर धरून जाळे ओढत आहेत, उजवीकडे दोन बायका टोपल्या घेऊन बसल्या आहेत, एक होडी वाळूवर कलंडलेली आहे, आणि दूर पाण्यात किल्ल्याच्या तटासारखी काळी आडवी रेघ असून तिच्यावरचे आकाश पिवळे आहे. ओढणाऱ्यांच्या रांगेजवळून एक माणूस मात्र रिकाम्या हातांनी पाण्याकडे चालला आहे. तो मुकादम असावा, असे आम्ही लहानपणापासून समजत आलो. कोपऱ्यातील सही पुसट असून पहिले अक्षर ‘अ’ किंवा ‘आ’ असल्याचे दिसते. त्यावरून हे चित्र आबालाल रहिमान यांचेच, असे चुलते ठामपणे सांगतात. आता घराची वाटणी व्हायची आहे आणि चित्रावरून भावाभावांत बोलाचाली सुरू झाली आहे. सोबत चार छायाचित्रे पाठवीत आहे. चित्र कोणाचे असावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : चुलत्यांचा विरस होणार हे उघड आहे, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो : हे चित्र आबालाल रहिमान यांचे नाही. मात्र तुम्ही सगळे कोपऱ्यातल्या सहीकडे डोळे लावून बसल्यामुळे चित्राच्या मधोमध काय चालले आहे हे घरात कोणी नीट पाहिलेले दिसत नाही, आणि या चित्राची जन्मपत्रिका सहीत नसून त्या जाळ्यात आहे.

कोल्हापुरात जुन्या वाड्यातून एखादे चित्र निघाले की ते आबालालांचे ठरवण्याची घाई होते, आणि त्यामागे कारणही आहे. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, या दरबारी चित्रकाराने आपली ढिगाने चित्रे तळ्यात सोडून दिली, अशी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणि बुडालेल्या चित्रांच्या कथेला वाचलेल्या चित्राची आशा चिकटलेलीच असते. आबालाल १९३१ साली गेले. आता तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात होडीच्या शेजारी पडलेला जाळ्याचा ढीग पाहा. तो निळसर हिरवा आहे. ओल्या जाळ्यावर आकाशाचा रंग उतरतो आणि चित्रकार तो निळ्यात रंगवू शकतो, हे मान्य. म्हणूनच मी पाण्यातून बाहेर येणाऱ्या जाळ्याकडे पाहून निर्णय केला नाही. परंतु हा ढीग कोरड्या वाळूवर, होडीच्या सावलीबाहेर, भर उन्हात पडला आहे आणि तरीही तो वरपासून खालपर्यंत त्याच एका निळ्या-हिरव्या रंगाचा आहे. पूर्वीची जाळी सुताची किंवा तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात पुनःपुन्हा बुडवून वाळवली जात, त्यामुळे त्यांचा रंग काथासारखा तपकिरी, जुनी झाल्यावर जवळजवळ काळा होई. निळे-हिरवे जाळे हे नायलॉनचे. नायलॉनचा धागा अमेरिकेत प्रथम तयार झाला तो १९३५ साली, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत तो पसरला १९६० च्या आगेमागे व त्यानंतर. आबालालांनी जो धागा पाहिलाच नाही, त्याचे जाळे ते कसे रंगवतील? ‘अ’ अक्षराने सुरू होणारी नावे कोल्हापूरच्या चित्रकारांत थोडी नाहीत. तेव्हा सहीला तूर्त तिच्या कोपऱ्यात राहू द्यावे.

दुसरी गोष्ट, तुम्ही चित्रातल्या माणसांना कोळी म्हणता. घाटावर मासे धरणारा तो कोळी असा सरसकट शब्द आपण वापरतो, पण किनाऱ्यावर त्याने काम भागत नाही. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात कोळी; रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी; सिंधुदुर्गात व तिथून खाली कारवारकडे गाबीत; अशी ढोबळ विभागणी आहे. चित्रातले लोक कोणत्या पट्ट्यातले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून नव्हे तर कामावरून ओळखावे. मुंबई-रायगडकडचा कोळी म्हटले की डोळ्यांपुढे येते ते प्रवाहात खांबांना बांधून ठेवलेले डोल जाळे, आणि बांबू उभारून त्यांच्यामध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर वाळणारे बोंबील. तुमच्या चित्रात किनाऱ्यावर उभे राहून माणसांची रांग समुद्रातले जाळे ओढते आहे. हे रापणीचे काम आहे, आणि रापण म्हटली की मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरे, वेंगुर्ले, शिरोडे हीच नावे प्रथम ओठावर येतात. तेव्हा तुमच्या माडीवर साठ वर्षे ‘कोळी’ म्हणून टांगलेली ही मंडळी बहुधा गाबीत आहेत, आणि एखाद्या मालवणी पाहुण्याने ही चूक तुम्हाला एव्हाना दाखवली नसेल तर तो भिडस्त असला पाहिजे.

रापण कशी चालते हे ठाऊक असले तर चित्र आपण होऊन बोलू लागते. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, वल्हवत मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेते, वाटेत जाळे सोडत जाते, आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागून दोराचे दुसरे टोक दुसऱ्या तुकडीकडे देते. मग दोन्ही तुकड्या आपापला दोर ओढू लागतात. जाळ्याची वरची कड तरंडांवर तरंगते, खालची कड वजनांमुळे तळाला घासत येते, आणि माशांचा थवा दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन मधल्या खोळीत उतरतो. जाळे जवळ येईल तसतशा दोन्ही तुकड्या किनाऱ्यावरून एकमेकींकडे सरकत जातात. आता तुमचे चौथे छायाचित्र घ्या आणि डाव्या कडेला, चौकटीपासून दोन बोटांवर, वाळू आणि पाणी यांच्या सीमेवर पाहा. तिथे चार-पाच तपकिरी फटकारे आहेत. तुम्हाला ते खडक वाटले असतील. ती दुसरी तुकडी आहे. पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे तरंडांची, कमान उजवीकडच्या रांगेपासून निघून थेट त्या फटकाऱ्यांपर्यंत जाते, हे बोट फिरवून पाहिले तर पटेल (बोट काचेवरून किंवा हवेतून फिरवावे, रंगावरून नव्हे). एवढ्या लहान जागेत, तीन-तीन केसांच्या कुंचल्याने, चित्रकाराने अख्खी रापण पुरी केली आहे.

आणि तुमचा मुकादम. दोर ओढणारे पाण्याकडे तोंड करून, टाचा वाळूत रोवून, पाठीमागे रेलत एकेक पाऊल मागे सरतात. रांगेतला शेवटचा माणूस मागे सरत सरत कोरड्या वाळूवर पोचला, दोराची वेटोळी घालणाऱ्याजवळ आला, की तो दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्याच्या कडेला जातो आणि रांगेच्या पुढच्या टोकाला दोर धरतो. असे चक्र तासन्‌तास चालू असते. रिकाम्या हातांनी पाण्याकडे चाललेला तो माणूस कोणावर देखरेख करीत नाही. त्याने नुकताच दोर सोडला आहे आणि पुढच्या क्षणी तो धरणार आहे. त्याचे खांदे पाहा, उतरलेले आहेत, आणि दोन्ही तळवे मुठीतून अर्धवट उघडलेले आहेत. ओला दोर बराच वेळ आवळून धरल्यावर बोटे अशीच राहतात, लगेच सरळ होत नाहीत. सगळ्या चित्रात मला सर्वांत आवडलेली जागा हीच. नुसत्या छायाचित्रावरून चित्र रंगवणारा हा माणूस गाळून टाकील, कारण रांगेचा डौल त्याच्यामुळे मोडतो. हा माणूस ज्याला चित्रात हवासा वाटला, त्याने वाळूवर बसून रापण पुरती पाहिली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर मी चित्राच्या प्रेमात पडलो असे म्हणाल. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य पाठीमागून, माडांच्या बाजूने येतो, त्यामुळे सावल्या समुद्राकडे पडतात. दुपार कलल्यावर त्या जमिनीकडे वळतात. तुमच्या चित्रात ओढणाऱ्यांच्या सावल्या पाण्याकडे पडल्या आहेत, म्हणजे वेळ सकाळची. पण मग दूरच्या त्या तटावर कोवळे ऊन पडलेले दिसायला हवे. तो काळा आणि त्यामागचे आकाश पिवळे, हे दृश्य संध्याकाळचे. रेघ लांबट, बसकी आणि चहूबाजूंनी पाण्यात असल्यामुळे हा मालवणजवळच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग असावा असे मला वाटते (विजयदुर्ग असता तर तट उंच दिसला असता आणि जमिनीला लागून). याचा अर्थ एवढाच की चित्रकाराने सकाळी माणसांची टिपणे घेतली, संध्याकाळी किल्ल्याचे रंग टिपले आणि घरी येऊन दोन्ही एका कॅनव्हासवर जोडली. कोल्हापूरच्या चित्रकारांना मालवण काही परका मुलूख नव्हे. घाट उतरायचा, चार-आठ दिवस राहायचे, वहीभर टिपणे करायची आणि परत येऊन मोठे चित्र उभे करायचे, ही रीत इथल्या निसर्गचित्रकारांच्या अंगवळणी पडलेली आहे. सकाळ-संध्याकाळची ही सांधेजोड त्या रीतीची खूण आहे, आणि तिच्यामुळे चित्र कमअस्सल ठरत नाही.

वाटणीबद्दल मी काय बोलावे? रापणीतही वाटेच असतात : जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, ते जोडून एक रापण होते, आणि आलेल्या मासळीचे वाटे जाळ्याचा, होडीचा व अंगमेहनतीचा हिशोब धरून पडतात, नुसता दोराला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. या वाटण्या भांडणाशिवाय होतात असे मात्र नव्हे. आबालालांचे नाव गळून पडल्यामुळे चित्राची बाजारातली किंमत खाली येईल आणि भावाभावांतली बोलाचाली आपोआप थंडावेल, असा माझा अंदाज आहे. मग ज्याला तो रिकाम्या हातांचा माणूस रोज पाहावासा वाटेल, त्याने चित्र घ्यावे. त्याआधी मागच्या बाजूचे, म्हणजे कॅनव्हासच्या पाठीचे आणि लाकडी पट्ट्यांचे, एक स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. चौकट करणाऱ्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव, जुन्या प्रदर्शनाचा क्रमांक, असे काहीबाही तिथे सापडते, आणि दर्शनी बाजूच्या पुसट सहीपेक्षा ते पुष्कळदा अधिक सांगते.

प्रश्न : मी कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर बसून मी बरेच काम केले आहे. दिवाळीनंतर मालवणला जाऊन रापणीवर मोठे चित्र करण्याचा विचार आहे. गेल्या वर्षी केलेला प्रयत्न फसला. माझे शिक्षक म्हणाले, ‘तुझी माणसे वाळूवर उभी नाहीत, चिकटवलेली आहेत आणि दोर तर वाळत घातलेला दिसतो.’ हे कसे सुधारावे?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या शिक्षकांनी एका वाक्यात दोन्ही रोग सांगितले आहेत.

आधी दोर. ज्या दोरावर पंधरा माणसांचा भार आहे तो मधेच झोळ खात नाही. तो पाण्यापासून हातापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत ताठ असतो, आणि शेवटच्या माणसाच्या मागे मात्र एकदम ढिला पडून वाळूवर वेटोळ्यांत उतरतो. ताण आणि ढिलाई यांतला हा फरक एकाच दोरात दाखवता आला की निम्मे चित्र झाले. बहुतेक विद्यार्थी सगळा दोर सारखाच लवचीक काढतात, कारण वळणदार रेघ हाताला सोपी जाते आणि डोळ्याला गोड वाटते.

माणसांचे म्हणाल तर ती चिकटवलेली दिसतात याचे कारण बहुधा पायांशी आहे. वाळू तीन प्रकारची असते : कोरडी, ओली आणि पाण्याची चकाकती साय असलेली. कोरड्या वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुतते, म्हणून तिथे टाच काढायचीच नाही, खड्डा काढायचा. ओल्या वाळूत पाऊल रुतत नाही, पण त्याच्याभोवती क्षणभर फिकट कडे उमटते, कारण दाबामुळे वाळूचे कण विरळ होतात आणि वरचे पाणी क्षणभर आत ओढले जाते. चकाकत्या वाळूत माणसाचे प्रतिबिंब दिसते, आणि इथेच घोटाळा होतो. सावली सूर्याच्या उलट दिशेला, तिरकी पडते. प्रतिबिंब मात्र नेहमी पायाखालून सरळ पाहणाऱ्याकडे, म्हणजे कॅनव्हासवर उभे खाली येते. सूर्य कुठेही असो, त्यात बदल नाही. दोन्ही एकाच दिशेला ओढून लावली की वाळू ओली न दिसता तेलकट दिसू लागते. तुम्ही रंकाळ्यावर काम केले आहे, तेव्हा प्रतिबिंबाचा हा नियम तुमच्या हाताला ठाऊक आहे; फक्त रंकाळ्याचे पाणी एका जागी थांबते आणि किनाऱ्यावरची ती साय प्रत्येक लाटेबरोबर येते व विरते, म्हणून कडा पुसट ठेवाव्या लागतात.

माणसाच्या अंगातला भार शिकण्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायची आणि मालवणला जायचीही गरज नाही. कोल्हापुरात तालमी आहेत. लाल मातीत दोन पैलवान एकमेकांना रेटतात तेव्हा टाच, गुडघा, कंबर आणि मान यांची जी तिरकी रेघ तयार होते, तीच रापण ओढणाऱ्याची, फक्त उलट दिशेने कललेली. डोक्यातून एक ओळंबा सोडला असे समजा. तो टाचांच्या बऱ्याच मागे पडला पाहिजे. तो दोन पायांच्या मध्ये पडत असेल तर तुमचा माणूस ओढत नाही, नुसता दोर धरून उभा आहे. माणसांचा समूह एका लयीत काम करताना कसा दिसतो हे पाहायचे तर हंगाम सुरू झाल्यावर एखाद्या गुऱ्हाळावर जा. पाक तयार झाला की गुळव्या इशारा करतो, आणि चुलवाणावरची काहील उतरवून वाफ्यात ओतण्यासाठी चार-सहा माणसे एकदम वाकतात, एकदम ताठ होतात. त्या अर्ध्या मिनिटात कोणीही कोणासारखे उभे नसते, तरी सगळे मिळून एकच हालचाल असते. तुमच्या फसलेल्या चित्रात पंधरा माणसे एकाच साच्यातून काढल्यासारखी होती का, हे ताडून पाहा. वरच्या प्रश्नातल्या चित्रकाराने रांगेतल्या प्रत्येकाला वेगळी मान दिली आहे : कोणी दोराकडे पाहतो, कोणी लाटेकडे, एकजण चक्क मागे वळून बायकांशी बोलतो आहे.

आणि मालवणला गेलात की पहिला दिवस कागद-पेन्सिल काढू नका. दोर ओढायला लागा. नको कोणी म्हणणार नाही, संध्याकाळी चार पेडवे (छोटे मासे) हाती पडतील आणि तळव्यांना जे कळेल ते मी कितीही लिहिले तरी कळायचे नाही.

प्रश्न : मासेमारीवरची चित्रे म्हटली की डोक्यावर पाटी घेतलेली सडपातळ कोळीण डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्ष कष्ट दाखवणारी, किनाऱ्यावरच्या कामाची चित्रे मोठ्या चित्रकारांनी केलीच नाहीत का?
— एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या डोळ्यांपुढे येणारी ती कोळीण बहुतांशी बी. प्रभा यांची आहे. प्रभा (१९३३–२००१) मूळच्या नागपूरकडच्या. नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्यांच्या कोळणी उंच, लांबट मानेच्या, जवळजवळ एकाच रंगाच्या पार्श्वभूमीवर स्तब्ध उभ्या असतात. त्या काम करीत नाहीत, काम होऊन गेल्यानंतरच्या किंवा काम सुरू होण्याआधीच्या शांततेत असतात. अनेकांना त्यात नुसते सौंदर्य दिसते. मला त्यात थकवा दिसतो. पण तुमचा मुद्दा खरा आहे. नंतरच्या नकलाकारांनी त्या थकव्यातले दुःख काढून टाकले आणि बैठकीच्या खोलीत शोभेल अशी कोळीण उरली.

कामाची चित्रे पाहायची असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले अनेक चित्रकार स्टुडिओ सोडून थेट किनाऱ्यावर राहायला गेले, तिथे वळावे. स्टॅनहोप फोर्ब्स हा इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन या मच्छीमार गावी राहिला आणि तिथल्या वाळूवरच्या मासळीच्या विक्रीचे मोठे चित्र त्याने उघड्यावर बसून पुरे केले. ते १८८५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत लागले आणि आता प्लिमथला आहे. पुढ्यात ओल्या वाळूवर मासळी पसरलेली, पलीकडे घोळका आणि होड्या. मासे ताजे असेपर्यंतच त्यांचा रंग खरा असतो, तेव्हा इतके दिवस उघड्यावर बसून मासळी रंगवणाऱ्याच्या नाकाची दया येते. दुसरा स्पेनचा होआकिन सोरोया. त्याच्या १८९४ च्या चित्रात बैलांची जोडी मच्छीमारांची होडी पाण्यातून वाळूवर ओढते आहे. चित्र सुमारे चार मीटर रुंद असून आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. वाऱ्याने फुगलेले शीड, त्यातून झिरपणारे ऊन आणि पाण्यात उभे बैल. घाटावरच्या आपल्यासारख्या वाचकाला बैल आणि होडी ही जोडी विचित्र वाटेल, पण बैलाच्या मानेवरचा ताण आपल्याला जितका कळतो तितका तो चित्र पॅरिसला विकत घेणाऱ्यांना कळला असेल की नाही, कोण जाणे.

आपल्याकडे कामकरी माणसांकडे बारकाईने पाहणारे चित्रकार झाले नाहीत असे नाही. कोल्हापुरातच १८६७ साली जन्मलेले एम. व्ही. धुरंधर मुंबईत गेले आणि तिथल्या रस्त्यावरची माणसे, त्यांचे पेहराव, त्यांच्या चालण्या-बोलण्यातल्या लकबी त्यांनी पोस्टकार्डांपर्यंत नेल्या. परंतु त्यांचा ओढा व्यक्तीकडे होता, पंधरा जणांच्या एका दोराकडे नव्हे.

समुद्र कोल्हापूरपासून इतका लांब, मग इथल्यांना त्याचे काय, असे तुम्ही पत्रात शेवटी विचारले आहे. बाई, टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात एकदा जाऊन या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४–४५ च्या उत्खननात सापडलेली रोमन काळातली पॉसिडॉनची छोटी ब्राँझमूर्ती तिथे आहे. समुद्राचा देव, तोही परदेशी, बंदरांतून घाट चढून आपल्या नदीकाठी येऊन राहिला होता. आज त्याच घाटांनी पहाटे मासळीच्या गाड्या चढतात.

प्रश्न : आमच्याकडील तैलचित्रावर पावसाळ्यानंतर पांढरी बुरशी येते. शेजारी बटाट्याच्या फोडीने पुसायला सांगतात, चौकटवाले खोबरेल लावा म्हणतात. काय करावे?
— एक गृहिणी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही करू नये. बटाट्यातला पिष्टमय ओलावा बुरशीला खाद्यच पुरवतो, आणि खोबरेलामुळे चार दिवस चित्र चकाकले तरी धूळ त्यावर कायमची बसते व ते तेल मागाहून काढणे महाकठीण होते. ओले फडके, साबण, रॉकेल हेही वर्ज्य.

बुरशी चित्रामुळे नव्हे, भिंतीमुळे येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते आणि चौकट तिला घट्ट चिकटलेली असली की मागे हवा खेळत नाही. चित्र आतल्या भिंतीवर हलवावे, आणि चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे अर्धा-अर्धा इंच जाडीचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून वारा जातो. आलेली बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावर, नाकावर रुमाल बांधून, उघड्या गॅलरीत, अगदी मऊ रुंद कुंचल्याने वरून खाली हलकेच झटकावी; मात्र रंगाचे पोपडे सुटत असतील, किंवा कुंचल्याला रंगाचा कणभर जरी लागला, तर तिथेच थांबावे. त्यापुढचे काम जाणकाराचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचे केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. चित्र तिकडे न्यायचे झाले तर कॅनव्हास गुंडाळी करून नेऊ नये. चौकटीसकट, पुढच्या बाजूला काही टेकणार नाही अशा रीतीने, दोन पुठ्ठ्यांमध्ये उभे न्यावे.

मंगळवार पेठेच्या वाचकांनीही हे वाचून ठेवावे. त्यांच्या तिसऱ्या छायाचित्रात होडीच्या तळाशी जो पांढुरका डाग आहे, तो मी आधी फेस समजलो होतो. भिंग लावून पाहिल्यावर तो फेस नाही असे दिसले.